दोनशे चौदावा

जुवें बेट मी दहा-दहा मीटरच्या चौकटींत कापलं.
प्रत्येक चौकटीला उंची दिली, खार दिला,
जमीन कुणाची ते एक-चौदाच्या उताऱ्यावरून घेतलं.
बांध वेगळ्या थरावर, तपकिरी.
त्याच्यावर नदी.

मग माणसं सोडली. दोनशे तेरा.
एकेक ठिपका, त्याला वय, थोडी बचत,
परदेशात कुणी आहे का: हो किंवा नाही.
नियम साधे.
खार वाढला तर शेत पड टाक.
शेजाऱ्यानं टाकलं तर तूही विचार कर,
विचार म्हणजे शून्य ते एक यांमधला एक आकडा.
सुलक्षा कुंडईकरला सात शिरांच्या भेंडीचे वाफे दिले,
तिचा आकडा मुद्दाम कमी ठेवला, ती सहजी हलायची नाही.
आणि लिलावात मानस घेतलेल्या ठेकेदाराला
(इकडे मानस म्हणजे मन नव्हे, बांधातलं पाण्याचं दार)
एवढंच शिकवलं: कोळंबी हवी तर
भरतीला फळ्या वर ठेव.

एक पाऊल म्हणजे एक भरती.
शंभर वेळा चालवलं.
शंभरही वेळा अकराव्या वर्षी
बांध त्याच एका चौकटीत फुटला
आणि बेट कडेकडेनं लाल होत गेलं,
निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखं.

अहवालाला एवढं पुरलं असतं.
पण ठेकेदाराला मानस मिळून अठरा वर्षं झाली होती
आणि बाहेर कोरगुट उभं होतं, पोटरीला आलेलं.

तीन दिवस माझी चूक शोधली.
मीटर आणि फूट, अधिक आणि उणे,
खाराचा दशांश.
चौथ्या रात्री स्कूटर काढली
आणि त्या चौकटीत जाऊन उभी राहिले.

चौकटीत एक माणूस होता.
अर्धी चड्डी, कपाळाला बॅटरी,
एकेक फळी खाचेत सोडत होता, आवाज न करता.
पहाटे ठेकेदार यायच्या आत परत वर काढणार.
नाव इनास. शेत नाही, कूळ नाही,
म्हणून उताऱ्यावर नाही,
म्हणून माझ्याकडे नाही.

तुम्ही का करता हे?
मला नियम लिहायचा होता.
“भरती येता न्हय?” तो म्हणाला,
आणि बॅटरी खाली वळवून
कुर्ल्यांनी पोखरलेली भोकं दाखवली,
चिखल आणि पेंढा कोंबून बुजवलेली, सतरा.
कुर्ल्या तर मी घेतल्याच नव्हत्या.

परत येऊन दोनशे चौदावा ठिपका टाकला.
मालकी: रिकामी. बचत: रिकामी.
भरती आली तर ऊठ.
अकरावं वर्ष गेलं. बारावं, तेरावं.
एकोणिसाव्यात फुटला,
कारण सगळ्यांसारखं त्यालाही मी वय दिलं होतं.

वय पुसलं.
एका रात्रीपुरतं बेट हिरवंगार, अढळ.
कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं.
सकाळी वय परत घातलं. एकाहत्तर, अंदाजे.
पुढचा रकाना वारसाचा होता.
तो मी तसाच ठेवून चहा प्यायले.

परवा अमावास्या, मोठी भरती.
इनासचा खांदा धरला होता.
“ही दोरी धर,” म्हणाला, “घट्ट, पण ओढू नको.”
दोरी शेवाळानं बुळबुळीत होती.
दुसऱ्या हातानं मी मोबाइलवर बघितलं,
आपण कुठल्या चौकटीत आहोत ते:
माझा निळा ठिपका
नदीच्या मधोमध दाखवत होता.

“मोबायल दवर,” इनास म्हणाला.
फळीखालून पाणी ढकलायला लागलं होतं.